चौथ्या माळ्याची वाळवी

त्या सोमवारी गणपतराव मिराश्यांनी एक साधासा निर्णय घेतला. धाकलूच्या हॉटेलात चहाला गेलं, की यापुढे रस्त्याकडे पाठ करून बसायचं. एवढाच. यात कुणाचं काही बिघडण्यासारखं नव्हतं. जगात रोज लाखो माणसं रस्त्याकडे पाठ करून चहा पितात आणि सुखाने घरी जातात.

पण रामनगरात ते जमण्यासारखं नव्हतं. धाकलूची सगळी बाकडी रस्त्याकडे तोंड करून मांडलेली, कारण रस्त्याच्या पलीकडे लाकूडशेटची माडी होती, आणि गेले सात महिने अख्खी पेठ चहा पीत पीत त्या माडीचं काम बघत होती.

माडी चार माळ्यांची. ऐंशी वर्षांपूर्वी एका लाकडाच्या व्यापाऱ्याने बांधलेली. कॅसलरॉककडून येणाऱ्या आपल्या लाकडाच्या गाड्या त्याला म्हणे वरच्या खिडकीतून मोजायच्या असायच्या. तालुक्यात तिच्याहून उंच फक्त डोंगर आणि झाडं. पुढे शेट गेला, त्याची पोरं हुबळीला गेली, आणि तीस वर्षं माडीत वटवाघळांशिवाय कुणी राहिलं नाही. आता तिला बांबूंची परांची लागली होती. भिंतींचा जुना चुना खरवडला जात होता, सागवानी तुळया घासून पुसून तेल पाजून चमकवल्या जात होत्या. खाली सहा गाळे निघणार होते आणि वरच्या तीन माळ्यांवर नऊ फ्लॅट. ‘फ्लॅट’ म्हणजे काय, हे कुंभारवाड्याकडच्या खेड्यांतल्या लोकांना समजावून सांगायला लागायचं. "घरावर घर, त्याच्यावर घर," असं धाकलू सांगायचा. "मग अंगण कुटं?" असं ते विचारायचे, आणि धाकलू चहा गाळायला आत जायचा.

हे सगळं कौतुकाचंच होतं. अडचण एकच होती. हे काम करवून घेणारा माणूस गुरुदास होता, आणि गुरुदास हा गणपतरावांचा साडू होता.

सख्खा साडू. गणपतरावांच्या केशरची धाकटी बहीण बायजा हिचा नवरा. बायजाशी लग्न झालं तेव्हा हा गुरुदास लाकडाच्या लॉरीवर क्लीनर होता, आणि गणपतराव हायस्कुलात क्लार्क होते. सासुरवाडीला जेवणावळ बसली की पहिला पाट गणपतरावांचा. सासरे कुठलाही सरकारी कागद त्यांच्यापुढे धरायचे आणि गणपतराव चष्मा लावून, ‘हं’ म्हणून परत द्यायचे. (कागद बहुतेक वेळा कन्नडात छापलेला असायचा, आणि सासऱ्यांना कन्नड त्यांच्याहून चांगलं यायचं. पण मान तो मान.) मग गुरुदासने लॉरी घेतली. मग फरशांचं दुकान टाकलं. मग हुबळीला जाऊन शेटच्या नातवांशी बोलणी केली आणि माडी तीस वर्षांच्या कराराने घेतली. आणि गेल्या जत्रेला सासूबाईंनी कोंबडीची तंगडी गुरुदासच्या ताटात वाढली. गणपतरावांच्या वाट्याला मान आली.

तेव्हापासून त्यांना माडी दिसली की पोटात कसंतरी व्हायचं, आणि माडी तर सगळीकडून दिसायची. हायस्कुलातल्या टेबलावरून दिसायची, म्हणून त्यांनी टेबल फिरवून घेतलं. घरच्या खिडकीतून दिसायची, म्हणून तिच्यावर त्यांनी गेल्या सालचं कॅलेंडर चिकटवलं. त्या खिडकीत केशरचं शिवणाचं मशीन होतं.

"अवो, उजेड जातोय की," केशर म्हणाली.

"तुला ऊन लागतंय."

"ही उत्तरेची खिडकी हाय."

"आजकाल उत्तरेचं पन लागायलंय," गणपतराव म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर पडले.

राहता राहिलं होतं धाकलूचं हॉटेल. म्हणून तो सोमवारचा निर्णय.

"क्लार्कसायेब," धाकलू कप ठेवत म्हणाला, "आज उलटं का बसलाय?"

"असंच."

"असंच कसं? सगळी तिकडं बगायल्यात."

"मला बगवत न्हाई."

"का? काय बगवत न्हाई?"

आता खरं काय ते सांगणं शक्यच नव्हतं. ‘मला तंगडी मिळाली नाही’ असं पन्नास वर्षांचा माणूस भर बाजारात सांगत नाही. काहीतरी बोलायला तर हवं होतं. सकाळीच त्यांनी शाळेतली पोखरलेली जुनी हजेरीबुकं उन्हात टाकली होती. तोच शब्द जिभेवर होता, तो बाहेर पडला.

"वाळवी," ते म्हणाले.

"कुटं?"

"वरच्या माळ्याला. तुळयांत. आतनं लागलीय, बाहेरनं दिसत न्हाई." (शेवटचं त्यांनी जोडलं, कारण बाहेरून तुळया आरशासारख्या दिसत होत्या.)

धाकलूने रस्त्यापलीकडे बघितलं. "तुमाला कुणी सांगितलं?"

"घरातली गोष्ट हाय, सांगायला कोण कशाला लागतंय? तू मातर कुटं बोलू नको."

हे शेवटचं वाक्य त्यांनी गिळलं असतं, तर धाकलू कदाचित विसरूनही गेला असता.

धाकलूने शब्द पाळला. त्याने फक्त दिग्गीच्या बसच्या कंडक्टरला सांगितलं, आणि तेही कुणाला सांगायचं नाही या अटीवर. दिग्गीला बस एकदाच. रस्ता जंगलातला, खड्ड्यांचा, आणि आत बसलेल्यांना बोलण्याशिवाय दुसरा उद्योग नाही. बस पोचेपर्यंत वाळवी तिसऱ्या माळ्यावर उतरली होती. मंगळवारी ती आगगाडीत बसून कॅसलरॉकला गेली. बुधवारी काय झालं कुणाला माहीत नाही, पण गुरुवारी सकाळी कॅसलरॉकचे रामचंद्र गावडे गणपतरावांच्या दारात उभे राहिले. हे रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त. नातं लांबचं, पण सुखदुःखाला न चुकता येणारे.

"वाईट झालं," रामचंद्र टोपी काढून म्हणाले.

"काय झालं?"

"आता काय बोलायचं. घरचा मानूस गेला."

"कोन गेलं?"

"तुमचे साडू की. चौथ्या माळ्यासकट."

"गुरुदास? तो आत्ता मोटरसायकलवरनं गेला की हितनं."

"कुटं गेला?"

"लोंढ्याला. नळ आणायला."

रामचंद्रांनी यावर जरा विचार केला. "मग खाली कोन गावलं?"

"कोन न्हाई. माळा हाय वरच."

रामचंद्रांचा चेहरा पडला. एवढ्या लांबून आलेल्या माणसाची निराशा गणपतरावांना समजत होती. त्यांनी चहा सांगितला. बशीत फुंकर मारत रामचंद्रांनी विचारलं, "मग वाळवी तरी हाय काय?"

इथे गणपतरावांना एक संधी होती. ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, कॅलेंडरमागे खिडकी, आणि खिडकीमागे ती माडी. ते गप्प बसले. त्यांचं ते गप्प बसणं संध्याकाळच्या गाडीने कॅसलरॉकला गेलं.

शनिवारी बायजा आली. मशीनजवळच्या स्टुलावर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

"आक्का, मेडिकलवाला नको म्हणाला. बेकरीवाल्यानं पन निरोप धाडला. वरचे फ्लॅट घेणारे दोन मास्तर हुते, ते काल रातीत बदलले. म्हणत्यात, वाळवी हाय. हे पायऱ्यांवर डोकं धरून बसल्यात."

गणपतराव आतल्या खोलीत ताटावर बसले होते. खरं सांगायचं तर सात महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना चांगली भूक लागली होती. त्यांनी तिसरी भाकरी मागून घेतली. ती मोडता मोडता त्यांना स्वतःची थोडी लाज वाटली. पण भाकरी पूर्ण खाल्ली.

बायजा गेली. केशर मशीनवर बसून राहिली, पण मशीन चालू झालं नाही.

"एवढं काय लावून घेतीस," गणपतराव हात धुऊन बाहेर येत म्हणाले. "गुरुदास काय बुडत न्हाई. फरशांचं दुकान हाय की तेचं."

"तेचं न्हाई ओ," केशर म्हणाली. "माजं."

"तुजं काय?"

तिने पलंगाखाली बोट दाखवलं. गणपतराव वाकले. ट्रंकेच्या मागे जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक लांब पाटी होती. त्यांनी ती ओढून काढली, लुगडं सोडलं. निळ्या रंगावर पिवळी अक्षरं होती: ‘केशर लेडीज टेलर्स. मालक: सौ. केशर गणपती मिराशी.’

"कोपऱ्यावरचा गाळा," केशर म्हणाली. "बायजानं मागं लागून ठेवायला लावला. भावोजी म्हणाले, भाडं धंदा लागल्यावर बगू. अठरा वर्षं ह्या खिडकीत ब्लाऊज शिवले, म्हटलं एकदा दुकानात बसून शिवावं. दोन पोरी पन बगून ठेवल्या हाताखाली."

"मला का न्हाई सांगितलंस?"

केशरने कॅलेंडरकडे बघितलं. गेला महिनाभर ती दिवसाउजेडी दिवा लावून शिवत होती. "तुमाला माडीचं नाव काडलं की पोटात दुखतंय," ती म्हणाली. "म्हटलं, पाटी लागल्यावर सांगावं. आता कुटली पाटी. सगळीच जर सोडून गेली, तर भावोजी काम थांबवणार. एका टेलरासाठी कोन माडी दुरुस्त करतंय?"

गणपतराव पाटी हातात घेऊन उभे राहिले. त्यांचं नाव आजवर शाळेच्या फळीवर कधी लागलं नव्हतं, पंचायतीच्या दगडावर लागलं नव्हतं. पहिल्यांदाच कुठेतरी रंगात लिहिलं गेलं होतं, तेही चांगल्या वळणदार अक्षरात. आणि वाळवी त्यांनी स्वतः सोडली होती.

त्याच दुपारी गुरुदास आला. डोळे ओढलेले, शर्टाला चुना.

"अण्णा," तो म्हणाला, "हे कुणी उठवलं ते तेवढं हुडकून काडा. तुमच्याशी लोक खरं बोलत्यात."

नाही म्हणायची सोय नव्हती. गणपतरावांनी तपास हाती घेतला. म्हणजे ते सरळ धाकलूकडे गेले, आणि या खेपेला रस्त्याकडे तोंड करून बसले.

"धाकलू, वाळवी न्हाई हां त्या माडीत."

धाकलूने मान हलवली. "बरोबर हाय. तुमी असंच बोलायला पायजे."

"अरे, खरंच न्हाई."

"साडू हाय तुमचा. झाकायला पायजेच. मानूस म्हणून मला तुमचं कौतुक वाटतंय."

पुढचे दोन दिवस गणपतराव पेठेत भेटेल त्याला थांबवून वाळवी नाही म्हणून सांगत होते. मेडिकलवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की वाळवी नाही तर तुम्ही दारोदार का फिरताय? बेकरीवाला म्हणाला, पहिल्यांदा मला शंका होती, आता खात्री झाली. एका मास्तरांनी तर, एवढी वाईट अवस्था आहे का, असं विचारून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मंगळवारी गुरुदास परत घरी आला. "मानूस काय गावत न्हाई," गणपतराव म्हणाले. हे अगदीच खोटं नव्हतं. तो माणूस कुठे दडलाय हे फक्त त्यांनाच माहीत होतं.

"ऱ्हाऊ दे," गुरुदास म्हणाला. "माज्या डोक्यात दुसरंच आलंय. तुमी आठ दिवस चौथ्या माळ्यावर ऱ्हावा. आक्काला घेऊन. लोकांना दिसू दे."

गणपतराव एक पाऊल मागे सरले. गंमत अशी, की इतक्या लोकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकून त्यांचा स्वतःचाच त्या वाळवीवर विश्वास बसला होता. रामचंद्रांनी केलेलं चौथा माळा कोसळल्याचं वर्णन त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पण मागे केशर उभी होती. ती लगेच वळकटी बांधायला आत गेली.

बुधवारी सकाळी पेठेच्या देखत गणपतराव माडी चढले. खांद्यावर वळकटी, हातात स्टोव्ह. समोर धाकलूची बाकडी भरलेली. कुणीही घोट घेत नव्हतं. पहिला जिना करकरला, दुसरा करकरला, तिसऱ्याला गणपतराव मनातल्या मनात ग्रामदेवाला नारळ बोलले. चौथ्या माळ्यावर पोचल्यावर ते भिंतीला पाठ लावून, कडेकडेने, एक एक पाऊल टाकत खिडकीपर्यंत गेले.

"मदनं चाला की," केशर म्हणाली. ती मधोमध उभी राहून स्टोव्ह कुठे ठेवायचा ते बघत होती.

खिडकीतून शेटचं सगळं राज्य दिसत होतं. भाताची खाचरं, त्यापलीकडे जंगल, आणि जंगलातून कॅसलरॉककडे निघालेली आगगाडी, काडेपेट्यांची ओळ मांडावी तशी. खाली पेठ, आणि पेठेमागे कौलांच्या गर्दीत एक अगदी छोटं घर. त्या घराच्या खिडकीवर आतून काहीतरी चिकटवलेलं होतं. गणपतरावांना आधी ते घर कुणाचं तेच कळेना. कळलं तेव्हा त्यांना दोन गोष्टी वाटल्या. एक, आपण मूर्ख आहोत. आणि दुसरी, असली खिडकी गुरुदासला मिळावी आणि आपल्याला नाही, हे काही बरोबर नाही. (सवय एका दिवसात जात नाही.)

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुदास पोहे घेऊन वर आला. केशर खाली पाणी आणायला गेली होती. गुरुदासने कोपऱ्यातला हातोडा उचलला आणि डोक्यावरच्या तुळईवर हाणला. देवळातली घंटा वाजावी तसा खणखणीत आवाज आला. गणपतराव दाराच्या चौकटीत जाऊन उभे राहिले होते, ते हळूच परत आले.

"गुरुदास," ते म्हणाले, "वाळवी मीच लावली."

"म्हाईत हाय."

"कधीपासनं?"

"सोमवारपासनं. धाकलूनं त्याच सांजेला सांगितलं मला."

"मग मला तपासाला का लावलंस?"

"कुटं कुटं हुडकताय ते बगायचं हुतं," गुरुदास म्हणाला. त्याने पोह्यांची बशी पुढे सरकवली. "अण्णा, मी मोटरसायकल घेतली, तवा तुमी दोन म्हयने शाळेला उलट्या वाटंनं गेला. दुकान टाकलं, तवा तुमच्या न्हाणीची फरशी बेळगावास्नं आणली. मला वाटलंच हुतं, आता माडी घेतल्यावर काय तरी हुणार. मी म्हटलं, भाऊबंदकीत कोर्टात जात्यात मानसं. आपलं वाळवीवर भागलं."

"बायजाला सांगितलंस?"

"न्हाई. आक्काला सांगितलं असतं तिनं. पाटी लिवून झाली हुती आक्काची."

गणपतराव पोहे खात राहिले. राग यावा असं त्यांना फार वाटत होतं, पण राग धरायला जागा सापडत नव्हती. हा माणूस पैशात पुढे गेला ते गेला. चांगलं वागण्यातही पुढे गेला, हे मात्र त्यांना जरा जास्तच वाटलं.

"केशरला मी सांगतो," ते शेवटी म्हणाले.

त्यांनी सांगितलं. केशरने ऐकून घेतलं, आणि त्या दिवशी त्यांना दोन्ही वेळचं पाणी तीन जिने चढून स्वतः आणायला लावलं. दुसऱ्या दिवशीही आणायला लावलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आठ दिवस पुरे होईपर्यंत गणपतराव भरल्या घागरी घेऊन माडी चढत होते, आणि समोर हॉटेलात पेठ बघत होती.

आणि नवल असं, की लोक परतायला लागले. पहिल्यांदा मेडिकलवाला आला. मग बेकरीवाला. मास्तरांनी दोन्ही फ्लॅट परत धरले, आणि एका फ्लॅटसाठी तर दिग्गीच्या माणसाने विचारणा केली. पेठेतून जाताना लोक गणपतरावांकडे बघून एकमेकांना काहीतरी सांगायचे आणि मान डोलवायचे. गणपतराव ताठ चालायला लागले. सारी जिंदगी खरेपणाने कारकुनी केली, त्याचं फळ कधीतरी मिळतंच, असं त्यांना वाटायला लागलं. शेवटी माणसाचा शब्द लागतो. पैसा असेल गुरुदासकडे, पण शब्द कुणाचा चालला? हे त्यांनी दोनदा केशरपुढे बोलूनही दाखवलं. केशर दोन्ही वेळा सुईत दोरा ओवत होती.

पंधरा दिवसांनी कोपऱ्यावर पाटी लागली. नारळ सासऱ्यांच्या हस्ते फुटला. गणपतराव इस्त्रीचा शर्ट घालून दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसले. तेवढ्यात कॅसलरॉकचे रामचंद्र आले, बरोबर दिग्गीचा एक पाहुणा. पाहुण्याला तिसऱ्या माळ्यावरचा फ्लॅट बघायचा होता.

"हेच ते काय?" पाहुण्याने गणपतरावांकडे बघत रामचंद्रांना विचारलं.

"व्हय, हेच," रामचंद्र म्हणाले.

गणपतराव उठून उभे राहिले. त्यांनी शर्ट खाली ओढला. "माझ्या शब्दावर बिनघोर घ्या," ते पाहुण्याला म्हणाले. "वाळवी न्हाई."

"शब्दाचं ऱ्हाऊ दे ओ," पाहुणा नम्रपणे म्हणाला. "बोलायचं काय, तुमी आदी हाय बी म्हटला हुता. आमाला हेनी सांगितलं, एकशे सहा किलोचा मानूस आठ दिवस भरल्या घागरी घेऊन वर-खाली केला, तरी माती सुदीक पडली न्हाई म्हणून. तवा म्हटलं, बगून यावं." तो जरा अडखळला. "तरास नसंल तर वर येऊन एक उडी मारून दावशीला काय? बायकोला खात्री पायजे. ती तिकडं जिन्यापाशी उबी हाय."

गणपतरावांनी गुरुदासकडे बघितलं. गुरुदास नळाची तोटी फार बारकाईने तपासत होता. त्यांनी केशरकडे बघितलं. केशर एका बाईच्या खांद्याचं माप घेत होती, आणि तिने टेपवरची नजर काढली नाही.

"जावा की," ती म्हणाली. "आणि दोन मारा. एकीवर कुटलीच बायको ऐकत न्हाई."

गणपतराव चप्पल काढून जिना चढायला लागले.